उभी चूल

"मांगं हो! मांगं हो म्हणतो ना! चुलीजवळ येऊ नको!"

धुरपताबाईंचा आवाज अंगणभर घुमला आणि नंदिनीचं पुढे पडलेलं पाऊल जागच्या जागी थिजलं... आठ दिवसांवर काजलचं, म्हणजे तिच्या एकुलत्या एक नणंदेचं लग्न आलं होतं. हळदीच्या जेवणाला मटणाचा रस्सा आणि लांब रोट्या करायच्या ठरल्या होत्या, आणि नव्या मडक्याच्या बुडाला पहिला जाळ दाखवायला आज आळीतल्या बाया जमल्या होत्या. धुरपताबाईंच्या हातची लांब रोटी म्हणजे सेलूपासून केळझरपर्यंत नाव! तासभर फेटलेली सैल कणीक दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत ओढत न्यायची, आणि ती तुटायच्या आत एका झोक्यात चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर पसरून द्यायची... बघणाऱ्याचा श्वास अडकावा अशी ती करामत. ही विद्या धुरपताबाईंनी पोटच्या पोरीला नाही, सुनेला दिली होती. आणि तीच सून आता हातावर कणकेचा गोळा घेऊन अंगणाच्या मधोमध उभी होती, सगळ्यांच्या नजरा झेलत.

"आई, एकच टाकून पाहू द्या ना," नंदिनी हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "पाच वर्षं झाली हात लावून."

"एक नाई अन् अर्धी नाई! ठेव थो गोळा परातीत अन् आत जाऊन बस."

शेजारच्या वच्छलाबाईंनी बाजूच्या बाईला कोपर मारलं. काजलने मान खाली घातली. नंदिनीने गोळा परातीत ठेवला आणि ती वळली, म्हणजे आख्खीच्या आख्खी वळली, कारण कमरेतून नुसतं वळणं आता तिच्या नशिबी नव्हतं. कपाट सरकवावं तसं तिला सगळं अंगच फिरवावं लागे. डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसायच्या आत चटकन तोंड फिरवावं असं तिला फार वाटलं, पण तेवढंही तिच्या हातात राहिलं नव्हतं.

मागच्या खोलीत येऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. बसण्यापेक्षा उभं राहणं तिला सोसत असे. बाहेर चूल फुलली होती, बाया हसत होत्या... आणि इथे तिचं अंतःकरण आक्रंदत होतं. काय गुन्हा केला होता तिने? पडली होती, एवढाच ना!

तो उन्हाळा आठवला की अजूनही तिच्या अंगावर काटा येई. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. दुपारून एकाएकी वादळ सुटलं, कुरडयांखालची लुगडी उडू लागली, आणि धुरपताबाई खालून ओरडल्या, "नंदिनी, धाव वं माय, कुरडया गेल्या!" नंदिनी शिडीवरून धावतच वर गेली, आणि भरलेलं सूप घेऊन उतरताना शिडी सरकली. पुढचं तिला एवढंच आठवत होतं की आभाळ फार पांढरं होतं आणि पाय आपले वाटत नव्हते. वर्ध्याच्या दवाखान्यात तिच्या मणक्याला दोन रॉड बसवले, स्क्रूने आवळले. पायात जीव आला, ती पुन्हा चालू लागली, आळीने पेढे खाल्ले, आणि सगळ्यांच्या लेखी गोष्ट तिथे संपली.

नंदिनीची गोष्ट मात्र तिथून पुढे सुरू झाली. सकाळी डोळा उघडला की पाठ आधी जागी झालेली असे. खाटेची पाटी धरून कुशीवर व्हायचं, मग कोपरावर, मग कुठे बसतं व्हायचं. शिंक येणार असं नुसतं वाटलं तरी घाम फुटे. एसटीच्या मागच्या सीटवर बसलं तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा नेमका रॉडच्या टोकाशी जाऊन आदळे. थंडीत आतून ओढ लागे, आणि दुपार कलली की कमरेपासून मांडीपर्यंत एक आग उतरत जाई... आणि दिसत मात्र काहीच नसे! जखम भरली होती, चाल सरळ होती, अंगही जरा भरलं होतं. न दिसणाऱ्या दुखण्यावर कोण विश्वास ठेवतो, हो?

नवरा रत्नदीप माणूस म्हणून सोन्यासारखा, पण तहसील कचेरीतला कारकून. कागदावर आलं की ते खरं, यावर त्याची अढळ श्रद्धा! घरी पाहुणा आला की तो एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरी आणि कौतुकाने सांगे, "हे पाहा, रॉड कसे मस्त बसले. डॉक्टर म्हणाले, शंभर टक्के ओके." पहिल्या वर्षी नंदिनी त्याला सांगत असे की मला फार दुखतं. तो पुन्हा एक्स-रे बघे, पुन्हा म्हणे, "ओके हाय ना सगळं?" मग तिनेच सांगणं सोडून दिलं. घराला रोजची रड कशाला, नवऱ्याच्या डोक्याला ताप कशाला, असं म्हणत तिने सारी वेदना स्वतःच्या पोटात दडवली आणि वर हसू पांघरलं.

आणि सासूबाई? त्यांचं वागणं तर तिच्या काळजात काट्यासारखं रुतलं होतं. दवाखान्यातून घरी आल्याच्या दिवसापासून धुरपताबाईंनी तिला चुलीजवळच काय, गॅसच्या शेगडीजवळही फिरकू दिलं नाही. गुडघे धरून धरून सगळा स्वयंपाक स्वतः करत, पण सुनेला भाजी चिरण्यापलीकडे काही नाही. तिची खाट पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत नेली. उन्हात कपडे वाळत घालायला गेली तर वसकन ओरडत, "सावलीत हो!" आणि चहा... सगळ्यांना वाफाळता, नंदिनीला मात्र कोमट! कपबशी समोर ठेवतानाही सासूबाई तिच्याकडे बघत नसत. बुद्धविहारात रविवारच्या वंदनेला तिला खाली बसता येईना म्हणून एकदा खुर्ची दिली, तर त्यांचा चेहरा असा काळवंडला की नंदिनीने विहारात जाणंच थांबवलं. ती मनाशी समजून चुकली होती... मोडलेलं भांडं जसं माळ्यावर टाकतात, तसं या घराने आपल्याला टाकलं आहे.

तिला दुसरं काही नको होतं. दागिना नको, लुगडं नको. चुलीसमोरची आपली जागा तेवढी परत हवी होती. काजलच्या हळदीला तरी ती मिळेल, या एका आशेवर ती इतके दिवस तग धरून होती... आणि आज पाचपन्नास डोळ्यांसमोर तीही विझली.

दोन दिवसांनी वर्ध्याला तपासणीची तारीख होती. रत्नदीप पत्रिका वाटायला निघालेला, तेव्हा धुरपताबाईच पदर खोचून उभ्या राहिल्या.

"मी जातो तिच्यासंगं."

"तू? तुले काय समजते तिथलं?" सासरे लहानूबाबा हसले. आयुष्य गवंडीकामात गेलेला हा मिस्कील म्हातारा बायकोला चिडवायची एकही संधी दवडत नसे. "डॉक्टरलेच रोट्या शिकवशीन तू."

"तुमचं तोंड जरा बंद ठेवत जा. मले इचारायचं हाय काहीतरी."

नंदिनीने दवाखान्याचे कागद पिशवीत घातले. विचारायचं काय असणार? ही कामाची कधी होणार, की होणारच नाही, हेच ना! एसटीत धुरपताबाईंनी कंडक्टरशी भांडून तिला पुढची सीट मिळवून दिली आणि स्वतः दांडा धरून उभ्या राहिल्या. सून उठायला लागली तर त्यांनी खांदा दाबून तिला पुन्हा बसवलं, एक शब्द न बोलता. पवनारचा पूल गेला, धाम नदीचं पाणी उन्हात चमकत मागे पडलं.

डॉक्टर नमिता तरुण होत्या, पण घाई नसलेल्या. त्यांनी नवा एक्स-रे पाहिला, नंदिनीला चालायला लावलं, पाठीवरून हात फिरवला.

"हाड छान जुळलंय. रॉड जागेवर आहेत. आणि दुखणं कसं आहे?"

"बरं आहे, मॅडम," नंदिनी सवयीने म्हणाली.

"खोटं बोलते थे!"

नंदिनी दचकली. स्टुलावर अंग चोरून बसलेल्या धुरपताबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. 

"खोटं बोलते, म्याडम! सकायी खाटेची पाटी धरून उठते, तवा मी सैपाकघरातून पाह्यतो तिच्याकडं. ओठ खाऊन घेते पण आवाज करत नाई. शिंक आली तं भितीले धरते. भाजी चिरता चिरता मधातच थांबते, सुरी हातात तशीच. डोये मिटते, अन् मंग पुन्हा चिरते. पाच वर्सं झाली, एक दिस असा नाई गेला का तिले दुखलं नाई. माहा पोरगा थो फोटो पाहून ओके म्हणते. फोटोत दुखणं दिसते का, म्याडम?"

नंदिनीचे डोळे विस्फारले. ती आपल्या सासूकडे बघतच राहिली. जी बाई आपल्याकडे मान वर करून बघत नाही असं तिला वाटत होतं, त्या बाईने तिचा एकेक श्वास मोजला होता...

"अन् म्याडम, एक इचारू का?" धुरपताबाईंचा आवाज एकदम खाली आला. "हासू नका. थे लोखंड हाय ना तिच्या पाठीत... थे चुलीजवळ बसली, तं आतमंदी तापन का?"

 डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"नाही, आजी. ते लोखंड नाही, वेगळा धातू आहे. आणि आतून रक्त खेळतं ना, ते त्याला अंगापेक्षा जास्त तापू देत नाही. चुलीजवळ तुम्ही जेवढ्या तापाल, तेवढीच ती."

"वुन्हात उभी राह्यली तं?"

"तरीही नाही."

"अन् गरम चहा?"

"गरम चहाने जीभ भाजेल आजी, रॉड नाही."

पाच वर्षांचा तो कोमट चहा, ती मागची खोली, रत्नदीपकडे हट्ट करून बसवून घेतलेला तिथला कूलर, उन्हातली ती ओरड... सगळं एका क्षणात नंदिनीच्या डोळ्यांसमोर उलटं होऊन उभं राहिलं. ज्याला ती तिरस्कार समजली, ती माया होती! वेडी, अडाणी, भेदरलेली माया! तिला हुंदका फुटला. हुंदक्याबरोबर पाठीत कळ गेली, तरी तो थांबेना.

डॉक्टरांनी तिला रडू दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "दुखणं पूर्ण जाईल असं मी खोटं सांगणार नाही. काहींचं राहतं. पण दुखतंय म्हणजे आत काही तुटतंय, असं नाही, हे ध्यानात ठेवा. व्यायाम रोज करा. वाकायचं नाही, खाली बसून ओढाताण करायची नाही. उभ्याने जे जमतं ते आनंदाने करा, आणि थकलात की थांबा. नुसतं बसवून ठेवलं तर मात्र वाढेल."

बाहेर कडुनिंबाखालच्या बाकाजवळ आल्यावर धुरपताबाईंचं अवसान गेलं. त्या मटकन बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

"आई, मले सांगितलं काऊन नाई?" नंदिनीने विचारलं.

"कसं सांगू वं? वच्छलाच्या माहेरी एका माणसाच्या पायात रॉड होता. शेकोटीजवळ बसला अन् पाय हा एवढा सुजला म्हणे. तुले सांगितलं असतं तं तूबी भेली असती. एकीनं भेलं थे पुरे... अन् कोणत्या तोंडानं सांगू? मीच तं धाडलं तुले वर! कुरडयांसाठी! दोन सुपं कुरडयांसाठी माह्या पोरीची पाठ गेली... तुह्याकडं पाह्यलं का मले थे शिडी दिसते. म्हणून मी पाह्यतच नाई. इहारात तू खुर्चीवर बसली, तवा साऱ्या बाया तुह्याकडं पाहून राह्यल्या होत्या, अन् मले वाटे, साऱ्या मलेच म्हणून राह्यल्या, हे पाहा, हिनं सुनेचं काय केलं!"

"आई... अन् मी समजत होती का तुम्ही मले टाकलं."

"टाकीन? तुले?" धुरपताबाईंनी पदर खाली केला. त्यांचा सुरकुतलेला चेहरा आसवांनी भिजून गेला होता. "अवं, काजल तं उद्या जाईन सासरी, सिंदी मेघेले. माह्या हातातलं जे काही हाय, थे मी तुह्याच हातात देल्लं ना!"

नंदिनीला वाकून सासूला मिठी मारता येईना. मग धुरपताबाईच उठल्या, टाचा उंच करून तिच्या गळ्यात पडल्या, आणि दवाखान्याच्या आवारात येणारेजाणारे बघत असताना त्या दोघी मनसोक्त रडल्या! रडून झाल्यावर टपरीवर गेल्या आणि धुरपताबाईंनी फर्मान सोडलं, "दोन चहा. एकदम उकयता!" नंदिनीची जीभ खरंच भाजली, आणि तिला हसू आवरेना.

परतीच्या एसटीत मात्र अडचण पुढे आली.

"पण तुले खाली तं बसता येत नाई. रोटी टाकशीन कशी?"

"उभ्यानं टाकीन."

"उभ्यानं? माही माय बसून टाके, आजी बसून टाके. उभ्यानं कोणी लांब रोटी टाकली हाय का बाप्पा?"

"मग मी पहिली," नंदिनी म्हणाली.

लहानूबाबांनी त्याच संध्याकाळी विटा काढल्या. नंदिनीला भिंतीशी उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि कोळशाने खूण केली. "चूल नाई बाई हे, बुरूज हाय!" असं म्हणत म्हणत त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कमरेला येईल अशी चूल उभी केली, पुढून जाळ घालायला तोंड ठेवलं आणि वर मातीचं कडं बसवलं. मडकं त्या कड्यात पालथं बसलं तसं म्हातारा दोन पावलं मागे सरला आणि आपल्याच कामाकडे बघत मिशीत हसला.

पण चूल उभी राहिली म्हणून रोटी थोडीच जमते! पहिली कोपराशीच तुटली. दुसरी मडक्याऐवजी लहानूबाबांच्या पायावर. तिसरी अर्धी पसरली आणि अर्धी जाळात गेली. पाच वर्षं घरात बसलेले हात. खांदे भरून आले, आणि पाठीत ती ओळखीची आग पेटली. नंदिनी भिंतीला टेकली. धुरपताबाई स्वतः पुढे झाल्या, "सरक, मी दाखवतो" म्हणून त्यांनी झोकात कणीक उचलली... आणि त्यांची रोटी नंदिनीच्याहून वाईट पडली! आयुष्यभर बसून टाकलेला हात उभ्याने भांबावून गेला होता. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग हसत सुटल्या, आणि त्या दिवसापासून गुरू आणि शिष्य दोघीही पहिलीत बसल्या.

"पाठीनं झोका नको देऊ, खांद्यानं दे," धुरपताबाई शोधत शोधत सांगत. "पाय जरा फाकव. हां! आता मडकं तुह्याकडं येऊन राह्यलं असं समज, तू त्याच्याकडं जाऊ नको."

कणीक फेटायला कमरेतून वाकावं लागे, ते नंदिनीला जमणारं नव्हतं. धुरपताबाईंनी पोराला हाक मारली. रत्नदीप बाह्या सरसावून परातीशी बसला. आधी ऐटीत फेटू लागला, मग हळूहळू त्याचा वेग मंदावला, मग तो कण्हू लागला. तासाभराने उठायला गेला तर अर्ध्यातच अडकला.

"आई गं! कंबर गेली माही..." तो भिंत धरून उभा राहिला. नंदिनीला हसू आलं, तोही हसला, पण त्याचं हसणं अर्ध्यावरच विरलं. तो तिच्याकडे टक लावून बघत होता. तीही भिंत धरूनच उभी होती, रोजच्यासारखी.

"नंदू... तुले रोज असं होते?"

"याच्याहून जास्त."

"मग सांगितलं काऊन नाई मले?"

"सांगितलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही एक्स-रे पाह्यला."

रत्नदीपच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.   तो तिच्यासमोर येऊन म्हणाला, "चुकलो मी. लय चुकलो... आता सांगत जा. मी ऐकीन. काही करता नाई आलं तरी ऐकीन." पाच वर्षं जे एक वाक्य ऐकायला नंदिनीचे कान आसुसले होते, ते आज कणकेने माखलेल्या हातांनी तिच्यासमोर उभं होतं! तिने त्याच्या कपाळावरचं पीठ पुसलं.

वच्छलाबाईंनी आळीभर करायचं ते केलंच. "उभ्यानं रोट्या टाकते म्हणे! दोन टाकीन अन् निजन. धुरपतानं हॉटेलातून पोळ्या सांगून ठेवाव्या." धुरपताबाईंच्या कानावर ते आलं, पण त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "जेवाले मात्र येजो, वच्छला."

हळदीचा दिवस उजाडला. काजल पिवळी होऊन मांडवात बसली, समोर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीला पांढऱ्या फुलांचे हार, आणि सिंदी मेघेहून नवरदेव राकेशकडची बायामाणसं गाड्या भरभरून आलेली. अंगणाच्या कोपऱ्यात उभी चूल धगधगत होती. तिच्याभोवती ही गर्दी जमली, कारण असली चूल कोणी पाहिली नव्हती. नंदिनीने पदर खोचला, हात ओले केले, कणीक उचलली.  कणीक एका हातावरून दुसऱ्या हातावर गेली, मनगटावर उतरली, कोपरापर्यंत लांबली, पातळ झाली, इतकी पातळ की पलीकडचा जाळ दिसावा! तिने श्वास रोखला आणि खांद्याने झोका दिला.

रोटी मडक्यावर अशी अलगद पसरली की कुठे सुरकुती नाही, कुठे भोक नाही. अंगणात एकच "वाऽऽ!" उठला. धुरपताबाईंनी डोळे पुसले आणि चटकन जाळ सारखा केला, कारण रोटी करपली तर कौतुक काय कामाचं!

मग हात चालू लागला. रत्नदीप फेटत होता, लहानूबाबा लाकडं सारत होते. पाठ दुखायला लागली की नंदिनी न लाजता बाजूला होई, खुर्चीवर टेकून बसे, आणि धुरपताबाई पुढे होऊन उभ्याने टाकत. पंधरा मिनिटांनी सून पुन्हा उभी. कोणी काही विचारलं नाही, कोणी नाक मुरडलं नाही. रोट्यांची चवड वाढत गेली, पंगती उठत गेल्या, आणि वच्छलाबाई तिसरी रोटी मागायला स्वतः ताट घेऊन चुलीपाशी आल्या.

"माय व माय!" त्या ओशाळून म्हणाल्या, "धुरपता, तुह्यापेक्षा पातळ हाय."

"हाय ना," धुरपताबाई म्हणाल्या, आणि असा अभिमान त्यांच्या आवाजात आळीने कधी ऐकला नव्हता.

शेवटच्या पंगतीआधी राकेशची आई हात धुऊन चुलीजवळ आली. तिने नंदिनीला आपादमस्तक न्याहाळलं, तोंडभर कौतुक केलं. मग जरा दबक्या आवाजात, सहानुभूतीने म्हणाली, "कोणीतरी सांगितलं, तुमच्या पाठीत म्हणे रॉड आहेत. पण आता एवढं काम करता म्हणजे सगळं बरं झालं असेल ना? दुखत तर नसेल आता काही?"

नंदिनी उत्तर शोधू लागली. नव्या सोयऱ्यांसमोर, नणंदेच्या हळदीला, घरात दुखणं आहे असं कसं म्हणावं...

"दुखते," धुरपताबाई म्हणाल्या.

त्यांनी जाळातलं लाकूड मागे ओढलं आणि सगळ्या सोयऱ्यांकडे वळून, कुणालाही ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात पुन्हा म्हणाल्या, "दुखते तिले. रोज दुखते, आताबी दुखून राह्यलं असन. माह्याच घरच्या कामात पडली थे. अन् ह्या रोट्या तिच्या हातच्या हायेत, माह्या सुनेच्या!"

 विहीणबाईंचे डोळे भरून आले. नंदिनीला वाटलं, इतकी वर्षं जे ओझं एकटीने वाहिलं, त्याला आज साऱ्या घराने खांदा दिला... वेदना तिथेच होती, कमरेपासून मांडीपर्यंत जळत होती, पण आता ती लपवायची नव्हती. तिने पदराच्या टोकाने डोळे टिपले आणि मोकळेपणाने हसली.

"हो, दुखते," ती म्हणाली, "पण पंगत बसली आहे, विहीणबाई. तुम्ही आधी जेवून घ्या." आणि तिने कणकेसाठी सासूपुढे हात केले.